समदी जेवली, साहेब

अ‍ॅशबर्नला आमच्या टाऊनहाऊसच्या ओळीतल्या सगळ्यांच्या टपालपेट्या एकाच ठिकाणी होत्या, तळ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या कोपऱ्यावर. आम्ही नुकतेच पुण्याहून अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या त्या गावात राहायला आलो होतो. 2003 चा उन्हाळा होता आणि माझी पाच वर्षांची मुलगी अनवाणी फुटपाथवरून पळत होती. मी टपालपेटीत डोकं खुपसून ओरडले, "आधी चप्पल घाल, पाय भाजतील!" तिचं नेहमीचं उत्तर आलं, "आय डोन्ट वॉन्ट टू!" आणि तेवढ्यात माझ्या मागून एक भरदार पुरुषी आवाज म्हणाला, "आईचं ऐकावं, पोरा."

मी गर्रकन वळले. मागे एक उंच, गोरा, ऐंशीच्या घरातला म्हातारा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, आरशासारखे बूट, हातात काठी. टपाल आणायला इतकं नटून जाणारा माणूस मी त्या गावात दुसरा पाहिला नाही. माझी मुलगी निमूटपणे चप्पल घालायला लागली. म्हाताऱ्याने मला विचारलं, "गाव कंचं?"

माझं माहेर कराडकडचं. हा 'कंचं' मी तिकडच्या रानात, बैलगाडीच्या दांडीवर बसलेल्या माणसांकडून ऐकलेला. अशी मराठी येणारा या वयाचा गोरा माणूस इंग्रजच असणार, हे मी ताडलं. व्हर्जिनियात, एका इंग्रजाच्या तोंडून हा शब्द ऐकल्यावर कुणालाही गंमत वाटली असती. मला राग आला. माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले; आमच्या घरात इंग्रजांबद्दल चांगलं बोलायची पद्धत नव्हती. आणि हा इंग्रज, इतक्या वर्षांनी, थेट अमेरिकेत, माझ्याच लेकीला माझ्याच भाषेत हुकूम सोडतोय! मी फटकन म्हणाले, "तुम्हाला मराठी कुणी शिकवली?"

"माझ्या माणसांनी," ते म्हणाले. मग इंग्रजीत जोडलं, की शिकवणाऱ्यांत बायका नव्हत्या, तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झालं तर माफ करावं. ते मला आणि माझ्या मुलीलाही शेवटपर्यंत पुरुषासारखंच 'आला का, गेला का' म्हणत राहिले.

ते आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी निघाले. त्यांची लेक वॉशिंग्टनला एका कचेरीत काम करायची. आई गेल्यावर तिने वडिलांना इंग्लंडहून इथे आपल्याकडे आणलं होतं. ती सकाळी अंधारात निघायची ती संध्याकाळी परतायची. भिंतीच्या एका बाजूला ते दिवसभर एकटे, दुसऱ्या बाजूला मी एकटी. पुण्यात मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरीला मनाई होती. गाडीही अजून येत नव्हती. साहेबांची आणि माझी दोस्ती झाली ती या रिकामपणातून, यात फार काही उदात्त नव्हतं. 'साहेब' हे मी त्यांना चेष्टेने म्हणायला लागले. ती चेष्टा कधी संपली ते मला सांगता येतं, आणि तेच सांगायचं आहे.

ते मेजर जनरल होते हे मला त्यांच्याकडून कळलंच नाही. त्यांच्या लेकीने एकदा चहाला बोलावलं, तेव्हा त्यांच्या बोळकांडीत एक मोठी तसबीर दिसली. प्रचंड मैदान, ओळींवर ओळी उभं असलेलं सैन्य, आणि पुढे छातीवर पदकं लावलेले हे. लेक म्हणाली, "डॅडच्या हाताखाली हजारो माणसं होती. मलायाच्या जंगलात लढले, मग जर्मनीत, शेवटी लंडनच्या मोठ्या कचेरीत." मी साहेबांकडे बघितलं. ते बिस्किट चहात बुडवत होते.

"जनरल असताना काय करत होतात?" मी विचारलं.

"कागदावर सह्या," ते म्हणाले. "खरी नोकरी त्याच्या आधीच झाली."

त्या तसबिरीशेजारी एक छोटा, तपकिरी पडलेला फोटो होता. पडक्या शेतघरासमोर चिखलात बसलेले जवान, हातात ताटल्या, सगळ्यांची तोंडं खाण्यात गुंतलेली. एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. "यात तुम्ही कुठे?" मी विचारलं.

"मी फोटो काढत होतो. माझं जेवण व्हायचं होतं."

हळूहळू, तळ्याभोवती फिरता फिरता, ती नोकरी मला कळत गेली. शाळा संपली तशी बोटीत बसून मुंबईला आले. तिथून बेळगावला. मुनशीने मराठी शिकवली, तिची परीक्षा पास करावी लागायची. मिसरूड फुटायच्या वयात मराठी जवानांच्या पलटणीत अधिकारी झाले आणि तिच्याबरोबर इटलीच्या लढाईत गेले. त्यांच्या कंपनीत शंभरावर माणसं, बहुतेक सगळी सातारा, सांगली, कोल्हापूरकडची. पुढे इंग्रज आपल्याकडून गेले तसे तेही गेले, इंग्लंडच्या फौजेत वर चढत चढत जनरल झाले. पण त्यांच्या बोलण्यात मलाया दोन वाक्यांत उरकायचं, जर्मनी अर्ध्या वाक्यात. इटलीतला चिखल मात्र संपायचा नाही.

त्या वर्षी इराकचं युद्ध चालू होतं. लढाईवर गेलेली पोरं सुखरूप परत यावीत म्हणून आमच्या भागातल्या झाडांना पिवळ्या फिती बांधलेल्या असायच्या, विमानतळावर वाळवंटी गणवेशातली पोरं दिसायची. टीव्हीवर नकाशे दाखवून मोठे अधिकारी बोलायला लागले की साहेब आवाज बंद करायचे आणि नुसती चित्रं बघत बसायचे. एकदा बराच वेळ बघून म्हणाले, "या पोरांच्या जेवणाचं कोण बघतंय?" मला तेव्हा वाटलं, म्हातारा झाला, याला जेवणाशिवाय काही सुचत नाही.

दसऱ्याच्या सुमाराला मी त्यांना आणि त्यांच्या लेकीला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. साताऱ्याकडच्या माणसांत राहिलेला माणूस, त्याला पिझ्झा काय घालायचा! इंडियन स्टोअरमधून ज्वारीचं पीठ आणलं, मटणाचा तांबडा रस्सा केला, ठेचा कुटला. सगळ्यांना मांडी घालून नाही पण टेबलाशी रांगेत बसवलं, ताटं वाढली आणि मी तव्याशी उभी राहिले. भाकरी तव्यावरून थेट ताटात, हे आमचं घरचं व्रत. आईला मी आयुष्यात कधी पंगतीला बसलेली पाहिली नाही. तव्याशी असणारी बाई शेवटी जेवते, एवढं साधं ते आहे.

मी पहिली फुगलेली भाकरी साहेबांच्या ताटात टाकली. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले. दुसरी टाकायला गेले तर पहिली तशीच. रस्स्यावर तेलाची साय धरायला लागली. मला घाम फुटला. तिखट झालं? भाकरी कच्ची राहिली? मी म्हणाले, "साहेब, घ्या ना."

"तू घे," ते म्हणाले.

"मी मागनं बसेन. पाहुण्यांचं आधी."

"तुझं आधी."

नवरा टेबलाखालून मला खुणा करत होता. "अगं, फोर्स नको ना करू यार. त्यांना स्पायसी चालत नसेल. मी ब्रेड टोस्ट करतो."

"टोस्ट!" मी म्हणाले. "मी काय दोन तास टोस्टसाठी राबतेय?"

आता तव्यावरची भाकरी करपायला लागली, माझी मुलगी हळूच आपल्या भाकरीची चपातीसारखी गुंडाळी करून खायला लागली, आणि आम्ही दोघं एकमेकांसमोर अडून बसलो. पाहुण्याच्या आधी तोंडात घास घालीन तर माझ्या सात पिढ्या वर खजील होतील. आणि ते तर हटायलाच तयार नाहीत. शेवटी त्यांची लेक हसून हसून लाल झाली. म्हणाली, "तू जेवल्याशिवाय ते जेवणार नाहीत. स्वयंपाक करणाऱ्याने, वाढणाऱ्याने, सगळ्यांनी खाल्लं की मग ते. घरी आई वैतागायची. फौजेत तर त्याहून वाईट. हे रांगेच्या शेवटी ताट घेऊन उभे, आणि जनरलच्या आधी जेवायचं कसं म्हणून बाकीचे मोठे अधिकारी उपाशी!"

मग साहेबांनी सांगितलं. पलटणीत पोचले त्या पहिल्या संध्याकाळी पाऊस होता, भूक लागली होती, लंगरवाल्याने, म्हणजे पलटणीच्या आचाऱ्याने, साहेब म्हणून त्यांना पहिलं वाढलं आणि ते खायला बसले. कंपनीचा सुभेदार, त्यांच्या बापाच्या वयाचा, समोर येऊन उभा राहिला. हातात रिकामी ताटली.  यांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "साहेब, पोरांचं झालं की मग आपलं." त्यांनी घास खाली ठेवला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की हवालदार यायचा, टाच जुळवायचा आणि सांगायचा, "समदी जेवली, साहेब." ते ऐकलं की मग हे आणि तो सुभेदार शेजारी बसून उरलंसुरलं खायचे.

"तोच माझा अधिकारी होता," साहेब म्हणाले. "बाकी सगळे नंतर."

मी एकेक भाकरी ताटात टाकायचं थांबवलं. राहिलेल्या भाकऱ्या एकदम करून डब्यात घातल्या, गॅस बंद केला, हात धुतले आणि टेबलाशी येऊन बसले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी एक घास घेतला. तेव्हा साहेबांनी भाकरी मोडली, थेट आमच्या गावाकडच्यासारखी, एका हाताने, आणि रस्स्यात बुडवली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, ते तिखटाने. मला आलं ते कशाने आलं हे मला तेव्हाच कळलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पहिल्या घासासाठी थांबलं होतं. आई शेवटी जेवायची, कारण तिला दुसरा मार्गच नव्हता. ती जेवली का, हे आम्ही कुणी विचारलं नाही. या माणसाला हजारो माणसं सलाम ठोकत होती, त्याला कधीही पहिलं बसता आलं असतं, आणि हा जन्मभर शेवटी बसला. मी अक्षरशः थक्क झाले. आजोबांचा माझ्यातला राग होता तसाच राहिला, इंग्रजांवर. पण हा माणूस त्यातून वेगळा काढावा लागला. त्या दिवसापासून 'साहेब' म्हणताना माझ्या आवाजात चेष्टा राहिली नाही.

त्यानंतर दोघांचं असं ठरलं की मी रोज संध्याकाळी एक जास्तीची भाकरी करायची आणि भिंतीपलीकडे द्यायची. दारात डबा घेतला की ते विचारायचे, "तुझं झालं?" मी झालं म्हटल्याशिवाय डबा उघडायचे नाहीत. त्यामुळे मी खरोखर आधी जेवायला लागले. नवऱ्याला पहिल्यांदा जरा विचित्र वाटलं, मग सवय झाली.

फक्त एकदा त्यांनी इटलीतली दुसरी गोष्ट सांगितली. थंडीतला दिवस होता, तळं गोठलेलं, आम्ही बाकावर बसलो होतो. एका नदीच्या काठावर दिवसभर लढाई झाली होती. लंगरवाल्याने सकाळच्या हजेरीवरून जेवण शिजवलेलं. संध्याकाळी हवालदार आला, टाच जुळवली. साहेबांनी विचारलं, "समदी जेवली?" हवालदार म्हणाला, "साहेब, अन्न उरलं."

"खूप उरलं," साहेब मला म्हणाले. "हंडाच्या हंडा." मग ते काठीने बर्फावर रेघा ओढत राहिले.  

2006 च्या हिवाळ्यात ते बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण मागून ताप आला, छातीत कफ भरला, आणि ते शुद्धीत येऊन-जाऊन राहिले. त्यांना बरं होईपर्यंत ठेवतात तशा एका केंद्रात हलवलं. ताप उतरला तरी ते खाईनात. ताट पुढे आलं की हाताने सारायचे. सलाइनवर किती दिवस ठेवणार? पोटात नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आणि साहेबांनी लेकीकडून फार पूर्वी कबूल करून घेतलं होतं, की काहीही झालं तरी मला नळीने भरवायचं नाही. म्हणजे नळी घातली तर शब्द मोडला, नाही घातली तर बाप डोळ्यांसमोर उपाशी जाणार. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि हुंदके देऊन रडली. म्हणाली, "ते काहीतरी बोलत राहतात. इंग्रजी नाहीये ते. तू येऊन ऐकतेस का?"

तोवर मला गाडी यायला लागली होती. बर्फातून हळूहळू चालवत गेले. साहेब पलंगावर इतके लहान दिसत होते की मला रडू आवरेना. समोर ट्रे होता, वाटीत सफरचंदाचा लगदा, मॅश केलेले बटाटे. नर्स गोड आवाजात म्हणत होती, फक्त एक घास, प्लीज. साहेबांनी वाटी सारली आणि घोगऱ्या आवाजात तेच ते म्हणायला लागले. मी कान जवळ नेला.

"पोरं जेवली का? पोरं जेवली का?"

मी लेकीला सांगितलं. तिने बापाचा हात धरून इंग्रजीत सांगितलं, हो डॅड, सगळे जेवले. नर्सनेही सांगितलं. त्यांची नजर छताला लागलेली. त्यांच्यापर्यंत ते पोचतच नव्हतं. मग मला सुचलं. खरं सांगायचं तर सुचलं असंही नाही, पाय आपोआप पलंगाच्या पायथ्याशी गेले. मी ओला कोट काढला, ताठ उभी राहिले आणि बुटांच्या टाचा जुळवल्या. नर्स दचकली.

"समदी जेवली, साहेब."

छताची नजर खाली आली. माझ्यावर थांबली. केवढा वेळ ते माझ्याकडे बघत होते! मला त्या नजरेची भीती वाटली. हा माणूस मला अख्ख्या कंपनीची खबर विचारत होता. मग ओठ हलले.

"उरलं का काय?"

गोठलेल्या तळ्याकाठचा तो बाक माझ्या डोळ्यांपुढे आला. शंभरावर माणसांच्या पोटाची, जिवाची खबर माझ्या तोंडून जायची होती, आणि ती खरी नव्हती. कॉलेजात फिजिक्स शिकवलेली मी, खोटं बोलताना माझी जीभ अडखळते. तेव्हा अडखळली नाही.

"काय बी उरलं नाही, साहेब. समदी परत आली. समदी जेवली."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, कपाळ सैल झालं. मला वाटलं, गेले. लेकीने माझा दंड घट्ट धरला. पण त्यांनी डोळे उघडले आणि मान किंचित वळवली.

"तू जेवला?"

मी पुढे होऊन चमचा उचलला आणि तो सफरचंदाचा बेचव लगदा गपागपा खाल्ला. त्यांना दिसेल असा गिळला. मग त्यांनी तोंड उघडलं. लेकीने भरवलं. एक चमचा, मग दुसरा. नर्स दारात उभी राहून बघत होती. मी कोट घेऊन बाहेर आले आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून मोठ्याने रडले.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी जात राहिले. डॉक्टरांना विचारून दुधात कुस्करलेली भाकरी न्यायचे. पायथ्याशी उभी राहायची, टाचा जुळवायची, खबर द्यायची. कधी ते मला ओळखायचे आणि हसायचे. कधी मी हवालदार असायचे. त्यांची लेकही ते वाक्य शिकली, तिच्या तोंडून 'समदी' वेडंवाकडं यायचं. नळी लागली नाही. वसंतात त्यांना घरी आणलं, चाकाच्या खुर्चीतून तळ्याकाठी फिरवलं, चेरीची झाडं फुललेली त्यांनी पाहिली. जनरलचा दबदबा कसला असतो ते मला त्या महिन्यांत दिसलं. ज्याला स्वतःचं पांघरूण ओढता येत नव्हतं तो माणूस खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला, सफाईवालीलासुद्धा, जेवण झालं का विचारत होता, आणि ते विचारल्यावर ती माणसं जरा ताठ उभी राहत होती.

उन्हाळा लागायच्या आत ते झोपेतच गेले. चर्चमध्ये ब्रिटिश दूतावासातून कुणी गणवेशातले आले होते, बिगुल वाजला, त्यांच्या पदव्या आणि पदकं वाचून दाखवली. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. जे वाचलं ते सगळं खरंच होतं.

त्या संध्याकाळी त्यांची लेक आमच्याकडे जेवायला आली. मी आधीच भाकऱ्या करून डब्यात ठेवल्या होत्या. आम्ही सगळे एकदम बसलो. माझी मुलगी, माझा नवरा, ती, मी. पोटभर जेवलो. ताटं उचलता उचलता तिने तिच्या वेड्यावाकड्या मराठीत मला विचारलं, "समदी जेवली?"

"जेवली," मी म्हणाले, आणि ठेवण्यासाठी डबा उचलला तर तो रिकामा लागला नाही. झाकण काढलं. सवयीने केलेली एक भाकरी उरली होती.